सुरू झाली, पण थांबते का?

२९ मार्च

मृग बहाराचा संत्र्याचा माल परवा उतरला. व्यापाऱ्याचा ट्रक गेला, पैसे निम्मे आले, उरलेले येतील म्हणतात. आज बागेत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गोठ्याशेजारच्या टिनाखालची ताडपत्री ओढली.

सहा वर्षं झाली. बाबा गेले त्या पावसाळ्यात जीप तिथं लावली ती तशीच. मागच्या बाकांवर ड्रिपच्या नळ्यांची वेटोळी, मोडका फवारणी पंप, युरियाची रिकामी पोती. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सरकी आणि कापूस आणून संसार थाटलेला. चारही टायर बसलेले. सीटमागे बाबांचा काळा दगड, एका बाजूनं निमुळता. धुऱ्यावर फेकायला उचलला, तेवढ्यात आईनं चहाला हाक मारली, म्हणून तो तिथंच राहिला.

गाडी १९७४ ची. महिंद्राची पेट्रोल जीप, उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी. अमेरिकेत विलिस कंपनीनं ही १९५३ साली काढली आणि तिथं ती १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र ती पुढंही बनत राहिली. तिच्या हरिकेन इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच, आणि इंजिनापायी बॉनेट उंच. गावात तिला नाकाडी म्हणत.

बाबांनी ती लिलावात घेतली. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा १९९३ मध्ये अपघातात गेलेल्या महिंद्राच्याच एका एमएम-५४० जीपचं डिझेल इंजिन तिच्या पोटात बसवलं. प्युजोच्या बनावटीचं एक्सडीपी ४.९०. चार सिलेंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, म्हणून ४.९०. २११२ सीसी. बॉनेट कुठंच कापावं लागलं नाही, हे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आई म्हणाली, "इकून टाक भंगारात. जागा तरी मोकळी होईन."

६ एप्रिल

परतवाड्याहून चाचांना आणलं. १९९३ मध्ये हे इंजिन बसवणारे तेच. आता डोळ्याला कमी दिसतं, गॅरेज मुलगा बघतो. बॉनेट उघडून आधी त्यांनी वास घेतला. मग बोटानं डिपस्टिकचं तेल चोळलं.

मी चावी घेऊन उभा. चाचांनी चावी हातातून घेतली आणि खिशात टाकली. सहा वर्षं उभ्या इंजिनाला थेट सेल्फ मारायचा नाही. चारही हीटर प्लग काढले, प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं. रात्रभर मुरू द्यायचं, मग पुढच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून हातानं फिरवायचं. फिरलं तर नशीब, नाही तर हेड खोलायचं.

जाताना म्हणाले, "इंजिन कोनीबी सुरू करते भाऊ. थांबवते कोन थे पाह्य."

मी तेव्हा हसलो.

१३ एप्रिल

फिरलं! आधी पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण. चारपैकी दोन हीटर प्लग जळलेले निघाले. या इंजिनात डिझेल सिलेंडरच्या आधी छोट्या कप्प्यात पेटतं, तो कप्पा गरम झाल्याशिवाय थंड इंजिन उठत नाही. उद्या जयंती, दुकानं बंद राहतील, म्हणून आजच जाऊन प्लग आणले.

टाकी जोडलीच नाही. पाच लिटरच्या कॅनमधून पाइप घेतला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसलो, बुडबुडे संपून निव्वळ डिझेल येईपर्यंत. मग सेल्फ. तिसऱ्या वेळी ती खोकली, पांढऱ्या धुरानं गोठा भरून गेला, बैलानं दावं ताणलं, आणि मग तो आवाज. टक-टक-टक. शेजारचे काका वावरातून धावत आले. त्यांना वाटलं, बाबांच्या गाडीचा आवाज येऊन राह्यला म्हणजे काहीतरी झालं.

संध्याकाळपर्यंत गावातल्या निदान वीस जणांनी विचारलं, सुरू झाली का.

१९ एप्रिल

चार दिवस वाया. टाकी काढली, तळाचा काळा गाळ धुतला, पुन्हा सीटखाली बसवली आणि मोठ्या उत्साहानं काठोकाठ भरली. गाडी सुरू होते, वीस मिनिटं छान चालते आणि गुदमरून बंद पडते. थोडं थांबलं की परत सुरू. फिल्टर बदलला. हवा पुन्हा काढली. परतवाड्याच्या पंपवाल्यानं फोनवरच निदान केलं, पंप गेला, काढून आणा. खर्चाचा आकडा ऐकून मी फोन ठेवला.

आज बंद पडल्या-पडल्या किती डिझेल उरलं म्हणून टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. मग लक्षात आलं. टाकीतलं तेल कमी होतं तशी त्या जागी हवा आत यायला पाहिजे, आणि तिची वाट बंद. श्वासाच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, बोटाच्या पेराएवढं, आतून गुळगुळीत लिंपलेलं. फोडलं तर आत वाळलेले दोन कोळी. टाकी धुताना ती नळी मी बाहेरून फडक्यानं पुसली होती, आत पाहिलं नव्हतं. कॅनवर त्रास का आला नाही तेही कळलं, त्याचं झाकण मी उघडंच ठेवलं होतं. आणि टाकी अर्धी भरली असती तर वरच्या हवेनं बराच वेळ निभावून नेलं असतं. काठोकाठ भरायची हौस नडली.

काडीनं नळी मोकळी केली. पंप शाबूत आहे.

४ मे

ऊन चव्वेचाळीसवर. काम पहाटे पाच ते आठ, मग संध्याकाळी.

इंजिनाला पंधरा दिवस लागले, ब्रेकचा अजून पत्ता नाही. पेडल दाबलं की सरळ पायाखालच्या पाटीला टेकतं. चारही ड्रम काढले. दोन निघेचनात, हातोडीनं कडेकडेनं ठोकून काढावे लागले. आतल्या व्हील सिलेंडरचे पिस्टन गंजून चिकटलेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी आत बसून लोखंड खातं. चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त झिजते असं चाचा म्हणतात ते निदान ब्रेकच्या बाबतीत तरी खरं आहे.

पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसला. ऑइल बघायला पाटी उचलावी लागते, म्हणून कोणी बघत नाही. आणि चारही चाकांना मिळून एकच लाइन. एका चाकाशी गळलं की चारही गेले. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइन असतात, इथं ती सोय नाही. मास्टर नवा, चारही व्हील सिलेंडर नवे, रबरी पाइप नवे, लोखंडी नळ्याही नव्या. इथं पैसे वाचवायचे नाहीत असं ठरवलं. सीटचं रेक्झिन फाटलेलं राहू दे.

७ मे

हँडब्रेक. जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्याच्या, ट्रान्स्फर केसच्या मागं, जिथून मागचा शाफ्ट निघतो तिथं एक छोटा ड्रम असतो. आमचा कधीच धरायचा नाही. उतारावर गाडी लावली की बाबा उतरून चाकाखाली दगड ठेवायचे, आम्ही पोरं दगड द्यायला आधीच उडी मारायचो.

तो ड्रम आज उघडला. आत गिअर ऑइलचा चिखल, लायनिंग तेल पिऊन काळं झालेलं. शाफ्टचं ऑइल सील गेलेलं, तेल थेंब-थेंब ड्रममध्ये. सील चहा-पोह्याच्या पैशांत येतं. बाबांनी इतकी वर्षं दगड वाहिला, सील बदललं नाही. त्यांच्याकडं पाच-सहा एकराचं ओलित, दोघांचं शिक्षण आणि दगड फुकट.

११ मे

ब्रेकमधली हवा काढायला माणूस पाहिजे. मुलगा परीक्षेला, बायको तिच्या शाळेत. आई म्हणाली, मी दाबतो.

आई या गाडीत कितीतरी वर्षं बसली, नेहमी डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन. ड्रायव्हरच्या सीटवर आज पहिल्यांदा चढली. नऊवारीचा ओचा सावरून, चप्पल काढून. मी मागच्या डाव्या चाकाखाली, कारण ते मास्टरपासून सगळ्यात लांब, सुरुवात तिथून करायची.

"मार. मार. मार. आता दाबून धर."

"धरलं."

निप्पल सैल केला, बाटलीत बुडबुडे आले, पेडल खाली गेलं.

"सोडू का धरू?"

"धर! मी सांगतो तवा सोड."

एकदा तिनं आधीच सोडलं, हवा परत आत गेली, पुन्हा सुरुवात. चार चाकांना दीड तास गेला. शेवटी पेडल वरच घट्ट झालं. आई म्हणाली, "आता दगडासारखं लागून राह्यलं." उतरल्यावर तिनं स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, धूळ बघायला.

२५ मे

वाडीपर्यंत, म्हणजे बागेपर्यंत चालवली. ब्रेक मस्त. पण चाळीसच्या वर गेली की पुढची चाकं थरथरतात आणि स्टिअरिंग हातातून निसटायला बघतं.

हा माझा पराक्रम. २००४ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, मासिकातले फोटो पाहून मी रुंद रिम आणि जाड टायर घातले होते. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी जुन्या रिम गोठ्यात ठेवून दिल्या. चाक बाहेर सरकलं की किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या, बेअरिंगवर भार वाढतो, आणि ती पार खल्लास झालेली. चाचांनी चाक वर-खाली हलवून दाखवलं, खटखट आवाज.

"काहून टाकले होते हे?"

"दिसायला."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

काळ्या मातीत रुंद टायरला चिखल लिंपतो आणि त्याचा गोळा होतो. अरुंद टायर तो कापत खालच्या मुरमापर्यंत जातो, आमच्या पांदणीत निदान असंच होतं. इंजिन बदललं ते गरजेपोटी, टायर बदलले ते हौसेपोटी, आणि आज खोलून ठेवलेलं जवळजवळ सगळं हौसेचं आहे. एका जुन्या रिमला वासरू बांधलेलं होतं. घासून, रंगवून त्यावर ६.००-१६ चे टायर चढवले. किंगपिनचा सेट, टाय रॉडचे एंड. थरथर गेली.

१६ जून

कागद. टपरीवर सगळ्यांचा एकच सल्ला, विंटेज करून घे, पन्नास वर्षं झाली ना. २०२१ चा नियम वाचून काढला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी हे खरं, पण मूळ रूपातली हवी, मोठा बदल नको. पुन्हा विंटेज गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर डिझेल भरायला आणि दुरुस्तीला. संत्र्याचे कॅरेट वाहायचे असतील तर उपयोग शून्य. आपलं नोंदणीचं साधं पाच वर्षांचं नूतनीकरण बरं.

भीती होती ती इंजिनाची. गाडीच्या नोंदणी पुस्तकात पेट्रोल लिहिलेलं असेल आणि आत डिझेल निघालं तर संपलं. आईच्या लोखंडी पेटीत पुस्तक सापडलं, वाळवी न लागलेलं. एमएच येण्याआधीचा जुना तीन अक्षरी नंबर. चौथ्या पानावर निळ्या शाईत इंधन डिझेल, नवा इंजिन नंबर, १९९३ ची तारीख, सही, शिक्का. ज्या माणसानं ऑइल सील बदललं नाही त्यानं ही नोंद करून घेतली होती.

२७ जून

कागद संपलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही, म्हणून ट्रकवर चढवून अमरावतीला आरटीओत नेली. आसेगावच्या पुलावर पाऊस लागला. सहा वर्षांनी घराबाहेर पडली, तीही दुसऱ्याच्या पाठीवर.

साहेबांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलनं छाप घेतला (रंगाचे तीन थर मी आधीच घासून ठेवले होते). इंजिन नंबर पुस्तकाशी पडताळला. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न. मग स्वतः बसून आवारात चालवली आणि एकदम ब्रेक मारला. चारही चाकं एका जागी. उतरले, काही न बोलता लिहायला लागले. मला त्यांना आईबद्दल सांगावंसं वाटलं, पण मागं रांग होती.

११ जुलै

विमा आधीच काढला होता. काल कागद आले, नवी नंबर प्लेट आज बसली. संध्याकाळी आईला घेऊन वाडीला गेलो. पाऊस नुकताच थांबलेला, पांदणीत चाकाएवढं पाणी. फोर-व्हील टाकून लो गिअरमध्ये काढली, कुठं अडली नाही. आई वाटभर खिडकी नसलेल्या बाजूनं लोकांची पऱ्हाटी बघत होती, कोणाची उगवली, कोणाची दुबार.

वाडीजवळच्या उतारावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला. गाडी जागची हलली नाही.

आई उतरली, मागं गेली. दगड घेऊन आली.

"धरते ना आता हँडब्रेक," मी म्हटलं.

"धरू दे ना," ती म्हणाली, आणि मागच्या चाकाखाली निमुळती बाजू आत करून दगड सरकवला.