सुपिनेशनचे उरलेले अंश

पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. आषाढात घसरले, हात टेकला आणि उजव्या मनगटाजवळ रेडियस, म्हणजे कोपर ते मनगट यांमधलं अंगठ्याकडचं हाड, मोडलं. दीडएक महिना प्लास्टर. त्यात खाजेशिवाय सांगण्यासारखं काही नाही.

खरी कसरत नंतरची. चिपळूणला फिजिओथेरपी सुरू केली. मॅडमनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून कागदावर आकडे मांडले: फ्लेक्शन, एक्स्टेन्शन, प्रोनेशन, सुपिनेशन. म्हटलं, हे समजावून द्या, नाहीतर घरी मी नुसता हात हलवत बसेन.

"काकू, उभ्या राहा. हात खाली सोडा, तळवे समोर, अंगठे बाहेर."

शरीररचनाशास्त्रातली नावं माणूस असा उभा आहे असं धरूनच दिलेली असतात. मग तो पालथा झोपलेला का असेना, अंगठ्याची बाजू बाहेरचीच. म्हणून रेडियस बाहेरचं हाड, करंगळीकडचं अल्ना आतलं. मनगट तळव्याच्या बाजूला वाकलं की फ्लेक्शन, उलट गेलं की एक्स्टेन्शन. ही दोन्ही हळूहळू सुटली.

अडलं सुपिनेशन, म्हणजे तळहात उताणा करणं. हात पालथा होताना, म्हणजे प्रोनेशनमध्ये, रेडियस अल्नावरून तिरकं जातं, उताणा झाला की दोन्ही पुन्हा समांतर. अल्ना जवळपास जागेवरच असतं. माझं मोडलं ते नेमकं फिरणारं! भाकरी थापायला पालथा हात चालतो. पण एसटीत कंडक्टर सुटे पैसे देऊ लागला की डावा हात पुढे करायचा, आणि ओंजळीतून सोलकढी पिणं तर बंदच.

"कोपर काटकोनात, बरगडीला चिकटवून," मॅडम दर वेळी बजावायच्या. कोपर सुटलं की खांदा गुपचूप मदतीला येतो. हात फिरल्यासारखा दिसतो, अंश मात्र तेवढेच. घरी मी काखेत टॉवेलची घडी दाबून, मुठीत रवी उभी धरून तिचं जड टोक सावकाश बाहेर झुकवायचे. शेजारच्या वहिनींचा भर खोबरेल चोळण्यावर. त्यानं बरं वाटायचं, अंश वाढायचे नाहीत.

पूर्ण सुपिनेशन 80 ते 90 अंश; सुरुवातीला माझं 35 होतं, दसऱ्याला 65 झालं. रोजच्या बहुतेक कामांना 50 पुरतात, असं मॅडम म्हणाल्या. पण सोलकढी अजून कोपराकडे ओघळते, म्हणून जाणं चालू ठेवलंय.