पायाळू

गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटल्यावर घरातले सगळे पूर बघायला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पळाले. आईचे गुडघे आणि माझा आळस, म्हणून आम्ही दोघं घरीच. लॅपटॉपवर १९७३ सालचा 'बॅफल्ड' लावला. टीव्हीसाठीच काढलेला थरारपट. 'स्टार ट्रेक'मध्ये टोकदार कानांचा, तर्काशिवाय न बोलणारा स्पॉक झालेला लिओनार्ड निमॉय इथे मोटार शर्यतीतला ड्रायव्हर आहे. भर शर्यतीत त्याला रस्त्याऐवजी इंग्लंडमधलं एक जुनं घर दिसतं आणि गाडीवरचा ताबा सुटतो. मग गूढविद्या जाणणारी एक बाई त्याला पटवते की, बाबा रे, तुझ्यात शक्ती आहे. निघाले दोघं इंग्लंडला.

"पायाळू असणार मेला," आई म्हणाली.

"अगं, अमेरिकन आहे तो."

"मग? तिकडे पोरं पायांकडून जन्मत नाहीत?"

टोमणा मला होता. मी पायाळू. पंचवटीतल्या वाड्यात कुणाला उसण भरली की मला झोपेतून उठवून त्याच्या पाठीला पाय लावायला न्यायचे. मोबदला, एक लिमलेटची गोळी. विजा चमकायला लागल्या की मात्र अंगणात पाऊल टाकायची बंदी, कारण वीज म्हणे पायाळूवरच पडते. आणि पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, ही तर वाड्यातल्या सगळ्यांची खात्रीच.

म्हणून समोरच्या काकूंची नथ हरवली तेव्हा मला ओसरीवर पाटावर बसवलं. अंजन कुठलं, घरचंच काजळ, तेही बोटभर. डोळ्यांची आग आग झाली. "काय दिसतंय रे?" दिसणार काय, काळं! सुटका व्हावी म्हणून म्हटलं, "पाण्याजवळ आहे."

झालं. मोरी उपसली, न्हाणीघराची फरशी उचकटली, काकांना आडात उतरवायचंही घाटत होतं. तिसऱ्या दिवशी नथ तांदळाच्या डब्यात सापडली. यात्रेला जाताना काकूंनी स्वतःच लपवली होती. मी तोंड लपवत होतो, तर आजी म्हणाली, "तांदूळ पाण्यातच धुतात ना? पोर खोटं नाही बोललं." माझी अब्रू तांदळाबरोबर धुऊन निघाली.

हॉलंडच्या पीटर हुरकोसला अशी आजी नव्हती. १९४१ मध्ये रंगकाम करताना शिडीवरून पडला आणि तेव्हापासून आपल्याला 'दिसतं' म्हणायला लागला. १९६४ मध्ये बॉस्टनमधल्या बायकांच्या खुनांच्या तपासात त्याला आणलं. त्याने बोट दाखवलं एका बूट विकणाऱ्याकडे. पुढे कबुली दिली अल्बर्ट डीसाल्वो नावाच्या भलत्याच माणसाने.

निमॉयचं बरं, त्याला दिसलेलं घर खरोखर सापडतं. पण दिसतं तेही तुकड्यातुकड्यांनी. अख्खा पत्ता दिसला असता तर पहिल्या जाहिरातीच्या आत कारभार आटोपला असता. या पात्रावर पुढे मालिका काढायची होती, ती काही निघाली नाही. मला वाटतं, लेखकाने 'पाण्याजवळ' ठेवायला हवं होतं. वर्षभर पुरलं असतं.

शेवट जवळ आला आणि फोन वाजला. मंडळी गोदाघाटावर अडकली होती, स्कूटरची किल्ली कुठे पडली ते कळेना. आईने पडद्यावरची नजरही हलवली नाही.

"पाण्याजवळ बघा म्हणावं."