प्रमाण, फल आणि इच्छा

मंडईत “पावशेर चाळीस” असं ऐकलं की गिऱ्हाईक पुढचं काही न विचारता अर्ध्या किलोचे ऐंशी काढून देतं. घरी आल्यावर तेच गिऱ्हाईक पोराच्या वहीत “२५० ग्रॅमला ४० रुपये, तर ७०० ग्रॅमला किती?” हे वाचतं आणि चष्मा शोधायला लागतं.

असं गणित शाळेत ज्या एकमान पद्धतीनं सोडवतात, तिचा अर्थ आपण फारच शब्दशः घेतो. एका ग्रॅमची किंमत काढायची म्हणजे ४० भागिले २५०, की आले ०.१६ रुपये. मग दशांशचिन्ह कुठे पडलं, ह्यावर घरात वाद. एवढं खाली उतरायचंच कशाला? २५० आणि ७०० ह्या दोन्हींत नेमका बसणारा सगळ्यात मोठा तुकडा ५० ग्रॅमचा, म्हणजे त्यांचा मसावि. ५० ग्रॅमचे ८ रुपये, ७०० मध्ये असे तुकडे १४, झाले ११२. एकमान म्हणजे दर वेळी १ ग्रॅमच असायला हवं असं नाही. पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) पाठ असलेली पिढी तोंडी हेच करायची, फक्त त्याला नाव देत नसे.

ह्या गणितांचं जुनं नाव त्रैराशिक. तीन राशी दिलेल्या, चौथी काढायची. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त ह्या तिघींची नावं आहेत प्रमाण, फल आणि इच्छा. वरच्या गणितात २५० ग्रॅम हे प्रमाण, ४० रुपये हे फल, ७०० ग्रॅम ही इच्छा. जेवढ्याची किंमत हवी, त्या राशीला ‘इच्छा’ म्हणावं हे सुचणाऱ्याला बाजार चांगलाच ठाऊक असणार. प्रमाण पहिलं, इच्छा शेवटी, दोन्ही एकाच जातीची. वेगळ्या जातीचं फल मध्ये. मधल्याला शेवटच्यानं गुणायचं, पहिल्यानं भागायचं. तिथलंच उदाहरण: अडीच पळं केशर तीन सप्तमांश निष्काला, तर नऊ निष्कांना किती? (निष्क हे जुनं नाणं, पळ हे जुनं वजन.) उत्तर साडेबावन्न पळं. ह्यात चुकणारा मुलगा बहुधा गुणाकारात चुकत नाही. प्रश्नात संख्या ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं तो त्या मांडतो, आणि पैशाखाली केशर येऊन बसतं. फल आधी आलं की हे हमखास होतं.

दुसरी चूक ह्याहून लबाड. लिंबाच्या रसाच्या २ चमच्यांना साखर ३ चमचे, तर रसाच्या ४ चमच्यांना? “रस दोनानं वाढला, साखरही दोनानं वाढवू, ५.” उत्तर ६ आहे. पण ५ आणि ६ इतके शेजारी आहेत की नुसतं उत्तर बघून चूक डोळ्यांत भरत नाही. अशा वेळी रस २० चमचे करून विचारावं. बेरजेनं साखर २१ येते, गुणोत्तरानं ३०. एकवीसवालं सरबत किती आंबट लागेल, हे कुणालाही न चाखता कळतं.

व्यस्त प्रमाणात (एक वाढलं की दुसरं घटतं, तिथे) तर पेन उचलण्याआधी एकच प्रश्न पुरतो: उत्तर वाढणार की कमी होणार? १५ माणसं ८ दिवसांत भिंत बांधतात, तर १० माणसं? सवयीनं ८ गुणिले १० भागिले १५ केलं तर सव्वापाच दिवसांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे पाच माणसं घरी पाठवली आणि काम लवकर उरकलं! खरं उत्तर १२, कारण काम एकूण १२० दिवसमजुरीचं आहे आणि ते कुठे जात नाही. ‘लीलावती’तही धान्याची रास ७ आढकांच्या (आढक हे धान्याचं जुनं परिमाण) मापानं १०० मापं भरते आणि ५ आढकांच्या मापानं १४०. माप लहान, म्हणून मोजणी जास्त.

वेगाच्या गणितात चांगली हुशार मुलं पडतात. हिंजवडीला जाताना ताशी १५, येताना ताशी १० किलोमीटर (पुण्यात हे आकडे कुणी खोटे म्हणणार नाही), तर सरासरी वेग? साडेबारा नव्हे. अंतर दिलेलं नाही म्हणून घाबरायचं नाही, १५ आणि १० चा लसावि, म्हणजे दोन्हींनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या, घ्यायचा, ३०. जायला २ तास, यायला ३, एकूण ६० किलोमीटर ५ तासांत, सरासरी १२. हळू वेगात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते.

पण सगळंच प्रमाणात असतं असं मानणं ही सगळ्यात मोठी गफलत. एका वाटी पिठीचे ११ मोदक झाले तर २१ मोदकांना दोन वाट्यांहून जराशी कमी पिठी लागेल, इथवर त्रैराशिक खरं. मात्र ११ मोदक १२ मिनिटांत उकडले म्हणून २१ ना २३ मिनिटं लागत नाहीत. मोदकपात्रात जागा असेल तर वाफ सगळ्यांना एकदमच लागते.

रिक्षाचं तर आणखी गमतीचं. पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये भाडं ठरलं ते असं: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. सहा किलोमीटरचे सरळ प्रमाणानं १०० होतात, मीटरच्या हिशेबानं १०१ रुपये ५० पैसे. म्हणजे त्रैराशिक जवळपास बरोबर. अर्ध्या किलोमीटरला मात्र ते ८ रुपये ३३ पैसे सांगतं. रिक्षावाल्याला एकदा मांडणीसकट दाखवून बघावं.