टिळक आळीतलं घर, मग थिबा राजवाडा

रत्नागिरीला आलेली बरीच मंडळी थेट गणपतीपुळ्याचा रस्ता धरतात. माझं सांगणं आहे, शहरासाठी एक अख्खी सकाळ ठेवा आणि सुरुवात टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मघरापासून करा.

आळी अरुंद आहे. गाडी मोठ्या रस्त्याला लावून चालत जावं. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या. एसटी स्टँडवरून मात्र हे सगळं जवळ पडतं.

टिळक २३ जुलै १८५६ रोजी जन्मले. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला गेलं, तोवर बाळचं लहानपण रत्नागिरीतच गेलं. आत टिळकांचं चरित्र चित्रांतून मांडलंय. ते सावकाश पाहाच, पण त्याआधी घर बघा. कोकणातली जुनी घरं झपाट्याने पाडली जात असताना असं घर आत शिरून बघायला मिळतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. कोकणातली घरं ज्या तांबूस दगडाची बांधतात तो जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो, म्हणून इथला गवंडी त्याचे चिरे सहज तासतो. छपराला एवढा उतार का, ते पावसाळ्यात आलात तर विचारावं लागणार नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: आता सर्रास दिसणाऱ्या सपाट मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा. म्हणजे टिळक जन्मले तेव्हा कोकणातली छपरं नळीच्या कौलांची नाहीतर गवताने शाकारलेली असत. मुलं बरोबर असतील तर त्यांना ओटी, पडवी, माजघर, माळा असं एकेक नाव घेऊन दाखवा. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना हे दुसरीकडे कुठे दिसणार?

तिथून रिक्षाने थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून पदच्युत करून पुढे रत्नागिरीत ठेवलं. हा वाडा १९१० मध्ये पुरा झाला, १९१६ मध्ये राजा वारला. नेमक्या त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथेच लिहिलं. दोन्ही वास्तू एकाच दिवशी बघायच्या त्या यासाठी. वाड्याच्या कोरीव लाकडी खिडक्यांपाशी थोडं थांबा, मग आतलं संग्रहालय बघा.

सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा वयस्कर माणसांचा हात धरा. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. एप्रिल-मे मध्ये दुपारी फिरण्यात अर्थ नाही. दोन्ही ठिकाणं लवकर उरका आणि ऊन उतरल्यावर थिबा पॉइंटवर भाट्याची खाडी बघायला जा.