मिनिटं मोजून झाडाखाली

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस किती दिवस खाटेवर राहील, हे खिडकीबाहेर काय दिसतं यावरही ठरत असेल का? रॉजर उलरिच या संशोधकानं पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापला. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले; कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. आणि ही काचेपलीकडची झाडं बरं का! ना पानांचा वास, ना पायाखाली पाचोळा.

त्याआधीच, १९८२ मध्ये, जपानच्या वनखात्यानं लोकांना ‘शिनरिन-योकु’ म्हणजे वनस्नान, झाडांमध्ये निवांत वेळ घालवणं, सुचवलं होतं. पुढे, २०१९ मध्ये, इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतून आकडाही निघाला: आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःला अधिक निरोगी आणि समाधानी म्हणवतात. मग ती एका दमात घालवा की तुकड्यातुकड्यांनी. (मुळात बरं वाटणारेच बाहेर पडत असतील, ही शंका उरतेच.)

मला खटकतात ती मिनिटं. मनगटाकडे बघत झाडाखाली बसलेला माणूस फलाटावरच्या प्रवाशासारखा दिसतो. झाडांत बरं वाटतं ते तिथं लक्षाला कुणी जुंपत नाही म्हणून. पान हलतं, कवडसा सरकतो, नजर जाते आणि आपोआप सुटते.

म्हणूनच चार लोकांनी मिळून लावलेलं, राखलेलं सामाईक रान मला जास्त आवडतं. तिथं कुणी बरं वाटून घ्यायला जातच नाही. आळी करायची असतात, रोपांभोवतीचं गवत काढायचं असतं, वाकलेल्या खोडाला काठीचा आधार द्यायचा असतो. हात मातीत असले की अनोळखी माणसाशीही बोलणं सोपं जातं, कारण एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. एरवी वर्षानुवर्षं मान डोलावण्यापलीकडे न गेलेले दोघं एका खड्ड्याच्या खोलीवरून तासभर बोलू शकतात.

वादही होतात. पडलेलं झाड उचलायचं की तिथंच कुजू द्यायचं, यावर तर हमखास. एका बाजूला पसारा दिसतो. दुसरी बाजू त्यातल्या बुरशा आणि भुंगेरे दाखवते, उद्याची माती दाखवते. मी ओंडका राहू द्या म्हणणाऱ्यांतला. भुंगेऱ्यांचं कारण खरंच आहे. पण दमल्यावर टेकायला दुसरं असतं काय तिथं?