तुम्ही विचारलंत म्हणून: माश्यांची लग्नं कशाला?

ट्रायकोकार्ड (आत ट्रायकोग्रामा माशी वाढत असलेली पतंगाची अंडी चिकटवलेलं कार्ड) न्यायला आलेले ऊसवाले हमखास विचारतात, "मॅडम, सूक्ष्मदर्शक आहे ना? मग जात ओळखायला माश्यांची लग्नं कसली लावता?"

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्धा मिलिमीटरची माशी. पतंगाच्या अंड्यात अंडं घालते, म्हणून उसाच्या खोडकिडीवर चालते; तीही पतंगाचीच अळी. पण दोन जातींच्या माद्या शेजारी ठेवा, मलाही सांगता येत नाही. बंगळुरूच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९६८ मध्ये तीन जातींच्या संकराचे प्रयोग छापले, आणि १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियावरून जात कशी ओळखायची ते दाखवलं. तरी कधी नरही दगा देतात. मग लग्न.

हिच्यात फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, झालेल्यातून मादी. मुलग्याला बाप लागत नाही, मुलीला लागतो. एका जातीची मादी, दुसरीचा नर. पोटी नुसते मुलगेच आले तर सोयरीक जुळली नाही. मुली झाल्या तर जुळली. पुढे त्या मुलींनाही लेकी होतात का, हे बघायचं. उलटी जोडी आणि जातीतल्या जातीत जोड्याही लावायच्या, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. आमच्याकडे बर्फीलाच मान, पेढ्याला कुणी विचारत नाही!

पहिल्याच वर्षी मी बर्फी वाटली आणि तोंडघशी पडले. नर आधी बाहेर पडतात आणि कार्डावरच बहिणींची वाट बघत थांबतात. मी माद्या उचलल्या तेव्हा त्यांची लग्नं घरातच उरकली होती. आता आत माशी वाढून काळं पडलेलं पतंगाचं अंडं ओल्या ब्रशच्या टोकाने सुटं करते, एका नळीत एकच, आत मधाची बारीक रेघ, तोंडाला कापसाचा बोळा. दुपारभरात पन्नास नळ्या झाल्या की मान आखडते.

आणि वोल्बॅकिया! हा जिवाणू अंगात असला की काही माद्यांना बापाशिवायच मुली होतात. मग मुलीची साक्षही खोटी. अशा वेळी मधात टेट्रासायक्लिन घालून जिवाणू काढायचा, आणि मगच लग्नाला उभं करायचं.

तेव्हा खिडकीतली ती मधाची बाटली खोकल्यासाठी मागू नका. औषधाची आहे, पण माझ्या माश्यांच्या.