ईद्रावरचे ओझे

१४ मे, रात्री

ग्रीसमधल्या अथेन्सच्या पिरिअस बंदराहून निघालेली बोट दोन तासांच्या आत ईद्राच्या धक्क्याला लागली. आपल्याकडे या बेटाचे नाव हायड्रा असे लिहितात. येथली माणसे ईद्रा म्हणतात. बेटावर मोटारींना आणि दुचाकींना बंदी आहे हे ठाऊक असूनही मी चाकांची बॅग घेऊन आले आणि दगडी पायऱ्यांच्या दुसऱ्याच वळणावर तिचे एक चाक निखळले. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे घोडा करण्याची लहानपणापासून सवय असलेल्या बाईला हे शोभले नाही.

धक्क्यावर खेचरांची रांग उभी होती. एकाच्या खोगिराला दोन्ही अंगांनी सिमेंटच्या गोण्या बांधल्या होत्या, दुसऱ्यावर पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे होते आणि तिसऱ्याच्या पाठीवर दोरांनी करकचून आवळलेले कपडे धुण्याचे नवे कोरे यंत्र होते. योगायोगाने त्या यंत्राची आणि माझ्या मुक्कामाची वाट एकच निघाली, त्यामुळे चढाचा बराचसा भाग मी त्या खेचराच्या मागोमाग काढला. गुळगुळीत दगडावर पुढचा पाय आधी चाचपून, मगच ते त्यावर भार टाकत होते. मालक अधूनमधून शीळ घाली आणि वळण आले की दोघेही न सांगता थांबत. कचऱ्याच्या गाडीसारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदरात उतरलेली प्रत्येक वस्तू अशीच कोणाच्या तरी पाठीवरून किंवा हातगाडीवरून घरी पोहोचते. येथल्या शांततेचे कौतुक आम्हा पाहुण्यांच्या तोंडी फार असते; त्या शांततेचे वजन किती, हे खेचराला विचारावे.

दुपारी वाडे पाहिले. खडकाळ, कोरड्या बेटावर, जेथे घराघरांतून पावसाचे पाणी टाक्यांत साठवून दिवस काढावे लागत, तेथे एवढी तालेवार घरे कशी उभी राहिली, याचे उत्तरही वाहतुकीतच आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांच्या आरमाराने फ्रान्सच्या बंदरांची कोंडी केली, तेव्हा ईद्राच्या नाखव्यांनी ती चुकवून धान्य पोहोचवले आणि अडचणीतल्या गिऱ्हाइकाकडून मिळतो तसा घसघशीत भाव मिळवला. जहाजमालक लाझारोस कुंदुरिओतिस यांच्या वाड्यात आता संग्रहालय आहे. त्याच्या थंडगार दालनांतून फिरताना मला आरमारापेक्षा गव्हाचीच पोती अधिक दिसत होती. चाचेगिरीच्या भयाने या व्यापारी जहाजांवर तोफा आधीपासूनच होत्या, म्हणून १८२१ मध्ये उस्मानी सत्तेविरुद्ध ग्रीसचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा हेच मालवाहू ताफे लढाऊ झाले आणि या घराण्यांनी आपली साठवण त्यात ओतली.

त्या युद्धातले नौसेनापती अंद्रेआस मिआऊलिस हेही मुळात गव्हाच्या व्यापारात पैसा केलेले दर्यावर्दी. बंदरालगतच्या संग्रहालयात त्यांचे हृदय चांदीच्या कलशात जपून ठेवले आहे. त्या कलशापुढे मी अपेक्षेपेक्षा जास्त वेळ थांबले, कारण याच माणसाने १८३१ मध्ये नव्या राष्ट्राच्या सरकारशी बिनसल्यावर, आरमाराची ‘एलास’ ही फ्रिगेट, म्हणजे मोठी युद्धनौका, सरकारच्या मदतीला आलेल्या रशियनांच्या हाती पडू नये म्हणून जवळच्या पोरोस बेटाच्या बंदरात स्वतःच उडवून दिली होती. दर जूनच्या अखेरीस मिआऊलिया उत्सवात ईद्राच्या बंदरात एक नौका पेटवतात. ती स्वातंत्र्ययुद्धातल्या अग्निनौकांची, शत्रूचे जहाज जाळल्याची आठवण असते. स्वतःचे जहाज जाळल्याची आठवण चांदीत गप्प बसलेली बरी, असे गावाला वाटत असल्यास मी तरी दोष देणार नाही.

संध्याकाळी बदामाची मिठाई घेण्यासाठी खाली निघाले, तेव्हा सकाळचेच खेचर समोरच्या बोळातून बाहेर आले. त्याच्या पाठीवर, त्याच दोरांनी बांधलेले, कडेला गंजलेले जुने यंत्र होते. मी भिंतीला टेकून वाट दिली. मालकाने मान हलवली, शीळ घातली, आणि ते दोघे पायरी चाचपत धक्क्याकडे उतरू लागले.